बोक्याचा अपराध
तुमसर तालुक्यातील आंबागडचा किल्ला भोसल्यांच्या अमलात कैदखाना होता. तेथे माणसाने माणसाचा अपराध ठरविला, परंतु देवघराच्या चौकटीकडे पाठ करून, ताठ शेपटीचे टोक थरथरवीत मूत्राची चिळकांडी सोडणाऱ्या बोक्याला पापी म्हणावे काय, हा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. संकल्पावाचून पाप नाही, अशी माझी श्रद्धा आहे. तो केवळ आपली हद्द कायम करीत असतो. अशौच धुतल्याने जाते, पण सोवळ्याच्या नावाने मुक्या जीवावर उगारलेली काठी त्याचे भय आणि त्यापायी ती खोडही वाढविते. खच्चीकरणाने ही सवय बहुधा सुटते. न सुटल्यास मूत्रविकाराची तपासणी करावी. गृहस्थहो, काठी खाली ठेवा आणि त्याला पशुवैद्याकडे न्या.