विचारलं असतं तर

सोलापुरातल्या त्या छायाचित्र-लिलावाची निमंत्रणपत्रिका तुम्हीही पाहिली असेलच. सात रस्त्यावर या आठवड्यात जो भेटला त्याच्याकडे ती होती. छायाचित्रकारानं आपली व्यक्तिचित्रं सत्कार्याच्या लिलावासाठी विनामूल्य दिली, हे ठळक अक्षरात. दिली, आणि चांगलंच केलं. वस्तुरूप देणगीवर करसवलतही मिळत नाही, म्हणजे हातचं न राखता दिली. पण पत्रिकेवरच्या फोटोत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईनंही काहीतरी दिलंच आहे की. तिचं नाव? खाली छापलंय, 'श्रमाचे सौंदर्य'.

हे असले मथळे मला सोसत नाहीत. आपल्या चौकातल्या फ्लेक्सवर शेवटच्या रांगेतल्या गॉगलवाल्या पोरालाही नाव असतं, वर 'भावी' काहीतरी. हजार विड्या वळून, त्यातल्या बाद विड्यांची छाट सोसून घरी जाणाऱ्या बाईला मात्र सौंदर्य व्हावं लागतं. तेही कृष्णधवल! सोलापूरच्या उन्हात रंग कमी पडले होते का?

बाईंना विचारलं होतं का, यावर एक उत्तर ठरलेलं: 'विचारलं की चेहरा नैसर्गिक राहत नाही.' कबूल. कॅमेरा दिसला की माणूस पदर सावरतो, पोट आत घेतो. पण फोटो काढून झाला, छापून झाला, वर काचही बसली. आता बाईंकडे जाऊन विचारलं, तर काचेमागचा चेहरा सावध होणार आहे का? उत्स्फूर्ततेची एवढीच काळजी असेल, तर बोली लावणाऱ्यांच्या खिशातले पैसेही न विचारता काढून घ्यावेत. त्या क्षणीचे त्यांचे चेहरे टिपावेत. इतके नैसर्गिक चेहरे पुन्हा मिळायचे नाहीत.

'पैसे सत्कार्यालाच जाणार', 'तिला काय कळणार', ही बाकीची उत्तरं. असोत.

हा प्रकार सोलापूरचाच नाही. १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅककरीनं हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला. पुढच्या वर्षी तो 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला, जगभर गेला. मुलीचं नाव शरबत गुला, हे कळायला २००२ उजाडलं. तिनं स्वतः तो फोटो पाहिला तोही तेव्हाच. पुढे तिला मदत मिळाली, हेही खरं. २०१२ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात त्या फोटोची एक प्रत सुमारे १ लाख ७९ हजार डॉलरला गेली. उत्पन्नातला वाटा मॅककरीच्या सेवाभावी संस्थेला.

उद्धव ठाकरे यांनी २०१५ मध्ये जहांगीर कलादालनात दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांसाठी फोटो मांडले, तेव्हा हा पेच नव्हता. गडकिल्ले आणि वन्यप्राणी. वाघाला विचारायला जाण्याचा आग्रह मीही धरणार नाही.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची तर निराळीच गंमत. वेगळा करार नसेल, तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क काढवून घेणाऱ्याचा. फुकट टिपलेल्याचा टिपणाऱ्याचा. म्हणजे स्टुडिओत बसलेल्या शेठजींचा चेहरा शेठजींचा, आणि उंबऱ्यावर बसलेल्या बाईचा चेहरा कलाकाराचा.

रिक्षा करावी, विडी कामगारांच्या पूर्वभागात जावं, बाईंना विचारावं. फार तर एक दुपार जाईल. बाई बहुधा हो म्हणतील, आपल्याकडे दाराशी आलेल्याला नाही कोण म्हणतं? एक प्रत ठेवून घेतील, आणि विचारतील, 'रंगीत नव्हता का?'