ज्ञान कोणाच्या मालकीचे?

ज्ञान दिल्याने कमी होत नाही, असे आपण म्हणतो. मग एखाद्या आदिवासी जमातीचे ज्ञान जगाने घेतले, तर तिचे काय गेले?

१९८७ साली केरळातील अगस्त्य डोंगरांत काही शास्त्रज्ञ काणी जमातीचे वाटाडे घेऊन हिंडत होते. चढणीवर शास्त्रज्ञ थकत. वाटाडे मात्र एका रोपाची फळे खाऊन ताजेतवाने राहत. त्या रोपाविषयी सांगण्यास ते प्रथम राजी नव्हते, कारण ते जमातीचे गुपित होते. अखेर त्यांनी ‘आरोग्यपच्चा’ दाखवली. तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले. औषध बनवण्याचा परवाना १० लाख रुपयांना दिला गेला व त्याचा निम्मा वाटा काणींसाठी ठेवण्यात आला. त्यासाठी १९९७ साली त्यांचा विश्वस्त निधी नोंदवला गेला.

हे चांगलेच झाले. तरीही काही काणींनी या व्यवहारास विरोध केला. ठेव साऱ्या जमातीची. ती उघड केली मोजक्या वाटाड्यांनी. मग संमती कोणाची धरावी?

आम्हांस वाटते, ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असेल, तरच देणे हे खरे देणे. ज्ञान घेतल्याने जमातीचे ज्ञान जात नाही. पण तिला न विचारता घेतले, तर तिचा मान जातो. तो पैशाने भरून येत नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी चोरीविषयी शिकवताना पैशाअडक्यापाशीच थांबू नये. गावातील म्हातारीने सांगितलेले झाडपाल्याचे औषध आपण दुसऱ्यास सांगतो, तेव्हा तिला विचारतो काय? निदान तिचे नाव तरी घेतो काय?