हमालावांचून हमाली

पनवेल हें एके काळीं चाकांचें गांव होतें. घाटावरून माल घेऊन उतरणारा गाडीवान परततांना येथल्या बाजारांतून चाकांची एक जोडी विकत घेई, अशा अर्थाची नोंद ब्रिटिश अमदानींतील गॅझेटियरांत सांपडते. तो काळ गेला. 2002 सालीं पुरा झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग येथूनच, कळंबोलीपासून, सुरू होतो. येथील मोटारींच्या पाटीवर 'एम.एच. 46' हीं अक्षरें असतात. आणि चाक घेणारा आतां कर्जाचे हप्ते ठरवून कांचेच्या दालनांत शिरतो. परंतु चाक विकणारा व चाक घेणारा यांच्यामधला एक जुना नैतिक प्रश्न मात्र जागचा हललेला नाहीं. त्या प्रश्नाशीं आमची गांठ नुकतीच पडली, आणि तीहि अशा रीतीनें कीं, तींत आमचाच कमीपणा आम्हांस दिसून आला. म्हणून हा लेखनप्रपंच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीं आम्ही एका विक्रेत्याकडे मोटारीचे उरलेले पैसे भरण्यास गेलों होतों. पुढें आलेल्या कागदावर मोटारीची किंमत, रस्ता-कर, नोंदणी, विमा अशा ओळी होत्या आणि सर्वांत शेवटीं 'हँडलिंग चार्जेस' या नांवाखालीं साडेआठ हजार रुपये होते. हे कशाचे, असें विचारतां समोरचा तरुण म्हणाला, "सर, गाडी यार्डातून आणायची, धुवायची, आर.टी.ओ.ला न्यायची, त्याचे." आम्हीं म्हटलें, "दुकानदारानें माल दुकानांत आणला, याचे पैसे किंमतीच्या बाहेर कसे?" तरुण आंत गेला. व्यवस्थापक बाहेर आले. आम्ही काय करतों याची त्यांनीं चौकशी केली, कॉलेजचें नांव ऐकून ते हंसले, आणि लेखणीनें ती ओळ खोडून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, तुमच्याकडून कशाला घ्यायचे? फक्त बाहेर कोणाला बोलूं नका."

शेजारच्या टेबलाशीं उरणकडील एक गृहस्थ पत्नी व वृद्ध आई यांच्यासह बसले होते. आईच्या मांडीवर नारळ व हार यांची पिशवी होती. त्यांच्याहि कागदावर तीच ओळ होती. आमच्याकडे वळून ते म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले दिसतां. हें सगळें बरोबरच असेल ना?" आम्हीं उत्तर दिलें, "बघून घ्या एकदां." आणि आम्ही उठलों.

प्रथम त्या ओळीचाच विचार करूं. मोटारीच्या किंमतीवर जी भर पडते ती सर्वच अन्याय्य असते, असें आमचें म्हणणें नाहीं. रस्ता-कर सरकारांत जमा होतो. तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा नव्या मोटारीस एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें 1 सप्टेंबर 2018 पासून ही रीति पडली. 'फास्टॅग' नव्या चारचाकीस 1 डिसेंबर 2017 पासून व सुरक्षित नंबरपाटी 1 एप्रिल 2019 पासून आवश्यक झाली. या प्रत्येक रकमेस घेणारा आहे, कारण आहे आणि पावती आहे. विमा कोणत्या कंपनीचा घ्यावा हें ठरविण्याचाहि गिऱ्हाइकास अधिकार आहे, जरी दालनांत बसलेल्या माणसास तो आठवूं दिला जात नाहीं. परंतु आमच्या कागदावरील 'हँडलिंग' हें या पंक्तींत बसत नाहीं. तें कोणत्याहि सरकारी खजिन्यांत जात नाहीं. आणि ज्या कामाचें म्हणून तें मागितलें जातें, तें विकण्यायोग्य वस्तु विकण्याचेंच काम आहे.

या शब्दाला आपल्या भाषेंत चांगला जुना प्रतिशब्द आहे : हमाली. आणि तो उच्चारतांच एक जुना इतिहास डोळ्यांपुढें उभा राहतो. शेतकरी माल घेऊन बाजारांत आला कीं भाव एक ठरे आणि त्याच्या हातीं रक्कम दुसरीच पडे. मधल्या मध्यें हमाली, तोलाई, अडत, कडता, धर्मादाय या नांवांनीं त्याच्या पट्टींतून कापाकापी होई. 1928 सालीं प्रसिद्ध झालेल्या शाही शेतकी आयोगाच्या अहवालानें या प्रकारांवर बोट ठेवून नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई इलाख्यांत 1939 सालीं व महाराष्ट्रांत 1963 सालीं बाजार समित्यांचे कायदे झाले. आणि फळें-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या माथ्यावरून उतरण्यास तर 2016 साल उजाडावें लागलें. त्या जुन्या बाजारांत निदान एक घाम गाळणारा हमाल तरी होता. येथें हमालच नाहीं. मोटार स्वतःच्या चाकांवर येते आणि हमाली मात्र पडते.

यावर सुशिक्षित आक्षेप असा : रक्कम कागदावर लिहिलेली होती, गिऱ्हाइकानें सही केली, मग फसवणूक कोठें झाली? हा आक्षेप टाकाऊ नाहीं. सिसेरोनें आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत असाच प्रश्न घातला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला असतां एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन येतो. मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्याला ठाऊक आहे. तें त्यानें सांगावें, कीं गप्प बसून चढा भाव घ्यावा? डायोजिनीस नामक तत्त्वज्ञ म्हणतो, कायद्यानें सांगावयास लावलें तेवढें सांगितलें म्हणजे पुरे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकत घेणाऱ्यास जें कळणें त्याच्या हिताचें आहे, तें लपवितां येत नाहीं. सिसेरो शिष्याच्या बाजूस उभा राहतो.

आमच्या मोटारीच्या दालनांत लपविलें काय गेलें? रक्कम लपविली गेली नाहीं, हें खरें. लपविली गेली ती तिची ऐच्छिकता. जी ओळ एका प्रश्नानें खोडली जाते, ती खऱ्या खर्चाची ओळ नव्हे. कारण खर्च जर खरोखर झाला असेल तर आम्ही प्राध्यापक आहों म्हणून तो न झाल्यासारखा होत नाहीं. शिवाय ती कोणत्या क्षणीं पुढें येते तेंहि पाहावें. किंमत ऐकून माणसानें मनाचा निश्चय केलेला असतो, आगाऊ रक्कम दिलेली असते, कर्ज मंजूर झालेलें असतें, मुहूर्त उद्यांवर आलेला असतो आणि आईच्या मांडीवर नारळ असतो. संमतीला 'नाहीं' म्हणण्याची मोकळीक लागते. ती मोकळीक एक एक करून काढून घेतल्यावर जी सही उरते, तिला संमति म्हणावें कीं थकवा, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

विक्रेत्याचीहि बाजू आहे. कारखानदार देतो तें कमिशन बेताचें असतें, जागेचें भाडें जबर असतें, नोकरांचे पगार द्यावयाचे असतात. एकानें ही रक्कम उघडपणें किंमतींत मिळविली, तर शेजारच्यापेक्षां तो महाग दिसेल व गिऱ्हाईक गमावील. म्हणजे प्रामाणिक माणसालाच येथें दंड बसतो. म्हणूनच हा प्रश्न केवळ उपदेशानें सुटणारा नसून त्यास कायद्याची जोड लागते. बांधलेल्या मालावर सर्व करांसह कमाल किंमत छापण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहेच. साबणाच्या वडीला जें संरक्षण मिळतें तें मोटारीस कां नसावें? अमेरिकेंत 1958 च्या कायद्यानें नव्या मोटारीच्या कांचेवर कारखानदाराची किंमत चिकटविणें सक्तीचें केलें; तरीहि विक्रेत्यांचे वरचे आकार तेथें चालूच राहिले, आणि त्यांना आळा घालण्यासाठीं 2023 च्या अखेरीस केलेला नियम न्यायालयानें जानेवारी 2025 मध्यें रद्द केला. आपल्याकडे ग्राहक संरक्षणाचा पूर्वीं 1986 चा कायदा होता व आतां त्याच्या जागीं 2019 चा आहे. आरंभीं एक किंमत दाखवून शेवटीं ती थेंबाथेंबानें वाढविण्याच्या प्रकारास 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीं अनुचित ठरविलें. आणि उपाहारगृहांनीं बिलांत आपोआप सेवा-आकार मिळवूं नये, हें केंद्रीय प्राधिकरणाचें 2022 चें म्हणणें दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च 2025 मध्यें उचलून धरलें. वाट दिसत आहे; परंतु ती चालावयाची तर कोणीतरी तक्रार केली पाहिजे, आणि तक्रार करावयाची तर आधीं बोललें पाहिजे.

येथें आम्ही आमच्यापाशीं परत येतों. कांटनें 1785 सालीं एका दुकानदाराचें उदाहरण दिलें आहे : त्याच्या दुकानीं अजाण मुलालाहि इतरांच्याच भावानें माल मिळतो. कांटला त्यांत त्या दुकानदाराच्या हेतूची चिकित्सा करावयाची होती. आम्हांला तूर्त ती वस्तुस्थितीच पुरेशी आहे. महाभारताच्या शांतिपर्वांत जाजलि नांवाचा तपस्वी वाराणसीच्या तुलाधार वाण्याकडे धर्म शिकावयास जातो. त्या वाण्याची थोरवी हीच कीं, त्याची तागडी सर्वांना सारखी आहे. आमच्या मोटारीच्या दालनांतील तागडी माणूस पाहून झुकत होती. ज्यानें प्रश्न विचारला त्याला सूट, जो भिडस्त त्याला भुर्दंड. हा भिडस्तपणावरचा कर आहे, आणि तो कर देण्याची पाळी बहुधा त्यांच्यावर येते ज्यांनीं प्रश्न विचारण्याची संवय शाळा-कॉलेजांत मिळविलेली नसते.

मग आम्हांला मिळालें तें काय? आमच्या मनानें त्या वेळीं त्यास न्याय हें नांव दिलें. न्याय असता तर तो शेजारच्या टेबलापर्यंत गेला असता. आम्हांला मिळाली ती एक सवलत होती, आणि तिची अट आम्हांस स्पष्ट शब्दांत सांगण्यांत आली होती : बाहेर बोलूं नका. साडेआठ हजार रुपयांस आमचें मौन विकलें गेलें. ज्या शिक्षणाच्या जोरावर आम्हीं ती ओळ खोडवून घेतली, त्याच शिक्षणाकडे पाहून त्या गृहस्थांनीं आम्हांला विचारलें होतें. पहिल्या उपयोगास तें शिक्षण तयार होतें. दुसऱ्या उपयोगास तें उभें राहिलें नाहीं.

एवढ्याशा गोष्टीचा हा केवढा बाऊ, असें कोणी म्हणेल. लाखोंच्या व्यवहारांत साडेआठ हजार म्हणजे काय? परंतु उरणच्या त्या गृहस्थांना ते किती दिवसांचे पडले असतील, हें आम्हीं त्यांना विचारलें नाहीं. आमच्याकडून मोठ्या शौर्याची अपेक्षा नव्हती. दालनांत भांडण उभारावयाचें नव्हतें. "माझ्या कागदावरची ही ओळ आतांच खोडली आहे, तुम्हीहि विचारा," एवढें एकच वाक्य पुरेसें होतें. तें आम्हांस सुचलें होतें, हें कबूल करणें प्राप्त आहे. तें न सुचल्याची सबब आम्हांला नाहीं.

मोटार घरीं आली, पूजा झाली. खोडलेल्या ओळीचा कागद आम्हीं जपून ठेवला आहे. आतां कोणी मोटार घ्यावयास निघाला कीं तो आम्ही त्याच्यापुढें ठेवतों व शेवटच्या ओळीवर बोट ठेवतों. व्यवस्थापकांस दिलेला, खरें म्हणजे न देतांच पाळलेला, शब्द त्यामुळें मोडतो. त्याचें आम्हांला वाईट वाटत नाहीं. वाईट वाटतें तें इतकेंच कीं, ज्यांना तो कागद प्रथम दाखवावयाचा, ते तीन हातांवर बसले होते.