माळ्याने मागितलेली मुदत



उपवासकाळ चालू आहे आणि ऊनही तापू लागले आहे. विहिरी खोल जात आहेत. अशा दिवसांत चर्चच्या आवारातील आपल्या सामुदायिक परसबागेचे काय करायचे, हा प्रश्न आपल्यापुढे आहे. काही वाफे हिरवे आहेत, तर काही पार वाळले आहेत. वाळलेले बहुतेक वाफे ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचे आहेत. पाणी आधीच कमी, तेव्हा जे इथे नाहीत त्यांचे वाफे दुसऱ्यांना द्यावेत, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांनी हिवाळाभर घागरीने पाणी घातले आहे. म्हणून ती हलक्याने घेऊ नये. पण ठरवण्याआधी आपण शुभवर्तमानाकडे वळू या.

लूकच्या तेराव्या अध्यायात (13:6-9) प्रभू येशूने अंजिराच्या झाडाचा दाखला सांगितला आहे. मालक तीन वर्षे फळ शोधत येतो आणि शेवटी झाड तोडायला सांगतो. त्याचा हिशेब चुकीचा नाही. झाड जागा अडवून बसले आहे. माळी हिशेबावर वाद घालत नाही. तो फक्त एका वर्षाची मुदत मागतो आणि त्या वर्षात आळे खणण्याचे, खत घालण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतो. दाखल्यातील खरी दया इथे आहे. नुसती मुदत मागणे सोपे असते. मुदतीबरोबर कुदळ उचलणे अवघड असते.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवू या. ऊसतोडीला गेलेली आपली माणसे म्हणजे ते नापीक झाड नव्हे. वाळला आहे तो वाफा. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता थांबत नाही. ती माणसे हौसेने वाफा सोडून गेलेली नाहीत. आता ती परततील, ती नेमकी कडक उन्हाळ्यात. हाताला काम कमी असेल आणि भाजी महाग असेल. वाफ्याची गरज त्यांना तेव्हाच सर्वांत जास्त असेल.

थोड्या जमिनीतून घराच्या ताटाला किती आधार मिळतो, हे आपल्या शेजारी दिसले आहे. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबर काम करणाऱ्या महिलांनी घरच्या शेतातील साधारण एक एकर स्वतःकडे मागून घेतले आणि तिथे आधी घरात खायचे धान्य, डाळी व भाज्या लावल्या. या कामाला 2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. दुष्काळी मराठवाड्यातच हे घडले.

पाण्याची अडचण खरी आहे. पिण्याचे पाणी बागेला घालायचे नाही, हे आधी ठरवून टाकू या. पण भाजी-तांदूळ धुतलेले पाणी आपण सारे ओतून देतो. रोपांमध्ये मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरले आणि त्यात हे पाणी भरून वर झाकण ठेवले, तर ते झिरपत थेट मुळांना मिळते. उघड्या मातीवर उसाचे पाचट किंवा पालापाचोळा पसरला की ओल उडून जात नाही. पाणी द्यायचे ते दिवस मावळल्यावर. गवार, भेंडी, चवळी एवढ्यावरही तग धरू शकतात.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकातून शिकवले की, धरतीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगवेगळे ऐकता येत नाहीत. आपल्या आवारातील वाळलेला वाफा हे त्याचेच लहानसे उदाहरण आहे. माती तहानलेली आहे आणि तिची माणसे पोटासाठी दूर आहेत.

म्हणून या उपवासकाळात प्रत्येक कुटुंबाने आपल्या वाफ्याबरोबर शेजारचा एक वाळलेला वाफा सांभाळावा. आठवड्यातून एकदा तो खुरपावा, शेणखत घालावे, एक मडके पुरावे. वाफ्यावरचे नाव बदलू नये. त्यातून निघालेली भाजी त्या घरी थांबलेल्या आजी-आजोबांना व मुलांना पोहोचवावी. पाणी कमी पडलेच, तर आपल्या वाफ्यातील एक ओळ कमी लावावी. उपवास म्हणजे आपल्या वाट्यातले दुसऱ्यासाठी राखणे, याचा अर्थ मुलांनाही त्यातून कळेल.

पुनरुत्थानाच्या सकाळी मरिया मग्दालियाला प्रभू प्रथम माळीच वाटला (योहान 20:15). परतून आलेल्या आपल्या भावाबहिणींना हिरवा वाफा दिसेल, तेव्हा तो कोणी राखला, असे ते विचारतील. त्या उत्तरात त्यांना प्रभूची ओळख पटावी.

हे प्रभो, आमच्या जिवाला तू वारंवार मुदत दिलीस. तीच मुदत दुसऱ्याला देण्याचे मन आणि त्यासाठी राबणारे हात आम्हांला दे. आमेन.