चालतंय तोवर

जीर्ण झालेली वस्त्रं टाकून माणूस नवी घेतो, असं भगवंतांनी गीतेत सांगून ठेवलं आहे. पण वस्त्र जीर्ण झालं हे कोणी ठरवायचं, हे अर्जुनाने विचारलं नाही. अर्जुन पडला राजघराण्यातला. गिरगावच्या चाळीत वाढला असता तर त्याने पहिला प्रश्न हाच विचारला असता. आमच्याकडे बनियन फाटलं की ते जीर्ण होत नाही, त्याची बदली होते. आधी ओट्यावर, मग उंबऱ्याशी पायपुसणं म्हणून, आणि शेवटी गाडी पुसायला खाली.

गाडी म्हणजे २००८ सालची मारुती आठशे. तिला सिलिंडर तीन, म्हणून स्पार्क प्लग तीन. पावसाळा लागला की ती मिसिंग करते, म्हणजे लालबागचा उड्डाणपूल चढताना मध्येच एखादा ठोका चुकवते आणि मागचा बसवाला हॉर्न वाजवून आपली सहानुभूती व्यक्त करतो. चाळीतल्या ज्या मंडळींकडे गाडी नाही त्यांनी यावर भरपूर उपाय सुचवले. अखेर मी लालबागच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी अंधार पडेपर्यंत मला बसवून ठेवलं, मग बॉनेट उघडून इंजिन चालू करायला लावलं. एका प्लगच्या वायरीवर बारीक निळ्या ठिणग्या नाचत होत्या. "वायर गळतेय," मिस्त्री म्हणाले. चाळीत राहून छप्पर गळतं, नळ गळतो हे मला ठाऊक होतं. वीजही गळते, हे नवीन होतं. वायरीचं वरचं रबर तडकलं की पावसाळी हवेत ठिणगी प्लगापर्यंत न जाता वाटेतच इंजिनाच्या लोखंडात उडी घेते.

मग त्यांनी प्लग काढले. प्लगाचं टोक कॉफीच्या रंगाचं असलं की प्रकृती उत्तम, काजळी धरली असेल तर पेट्रोल नीट जळत नाही, आणि पांढरंफटक असेल तर अंगात उष्णता. आमचे दोन कॉफी आणि एक काजळी. गळक्या वायरीचा होता तोच काळा.

"तिन्ही बदला," मिस्त्री म्हणाले.

इथे माझ्यातला नीतिवादी जागा झाला. एक काळा आणि शिक्षा तिघांना? आमच्या बँकेत एका काउंटरची रोकड जुळली नाही म्हणून तिन्ही कॅशियरांना घरी पाठवलं, तर दुपारच्या आत युनियन दारात उभी राहील. मी हे बोलून दाखवलं. मिस्त्रींनी शांतपणे प्लग पुसला. "साहेब, तिघं एकाच दिवशी कामाला लागलेत. रंग सोडा, फट बघा."

ही फट म्हणजे खरी भानगड. प्लगाच्या दोन टोकांत मिलिमीटरहूनही कमी अंतर असतं. रोज हजारो ठिणग्या पडून टोकं झिजतात आणि ते अंतर वाढत जातं. मग ठिणगीला लांब उडी मारावी लागते, त्यासाठी कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं आणि तो सगळा ताण वायरीवर येतो. झिजतो प्लग, दमतात दुसरेच. 'चालतंय ना?' असं विचारणाऱ्याने प्लगाला विचारून उपयोग नाही, कॉइलला विचारावं. आमच्या शाखेत असा एक प्लग आहे. त्याच्या मते त्याचं उत्तम चाललंय. शेजारच्या टेबलावरची कॉइल मी आहे.

नियमाने ठरवलं तर गोष्ट सोपी होते. कर्जाचा हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं बुडीतवाल्यांच्या पंगतीत, विषय संपला. टॅक्सीला मुंबईत २० वर्षं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिला रस्ता सोडावा लागला. आमच्या चाळीतल्या एका काकांची पद्मिनी त्याच्या थोडी आधी गेली. तिच्यात त्यांनी प्लगापासून दरवाजांपर्यंत सगळं कधी ना कधी बदललं होतं. मूळची राहिली होती ती नोंदणीची तारीख, आणि सरकारने नेमकी तीच म्हातारी धरली. हे मला अजून पटलेलं नाही. उलट, ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली तरी दादर टीटीचं टीटी आजही चालूच आहे, त्याला कोणी हात लावत नाही.

मी मिस्त्रींना तिन्ही बदलायला सांगितलं, वायरींसकट. उत्साहाच्या भरात विचारलं, "इरिडियमचे टाकू या का? लाख किलोमीटर चालतात म्हणे." मिस्त्री हसले. "तुमची गाडी वर्षाला चार हजार चालते. प्लग जगेल, गाडी नाही जगायची. साधे घ्या."

हा हिशेब मला कॉमर्सचा पदवीधर म्हणून फार आवडला होता. पुढच्याच आठवड्यात तो आईच्या तोंडून ऐकेपर्यंत.

आई ८१ वर्षांची. दहा वर्षांपूर्वी तिला पेसमेकर बसवला. परळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बॅटरी संपत आली आहे, अजून दोन-तीन महिने जातील, पण तोवर थांबायचं नाही. आतली तार चांगली आहे, तीच ठेवू, वरचा डबा फक्त बदलू. नवा आणखी दहा वर्षं चालेल.

घरी आल्यावर आई म्हणाली, "चालतंय ना अजून? आणि दहा वर्षांची बॅटरी माझ्यात कशाला घालता? अर्धी फुकट जाईल."

वीस वर्षं घसारा काढतोय मी, पण या आकडेमोडीत मला एकही चूक सापडेना. मिस्त्रींना ज्यासाठी मनातल्या मनात शाबासकी दिली, तेच आई बोलत होती. फरक एवढाच की गाडी बंद पडली तर मी बसने जाईन.

"जाऊ दे फुकट," मी म्हटलं. "खात्यात शिल्लक ठेवून जाणारी माणसं बँकेला फार आवडतात."

आई बराच वेळ काही बोलली नाही. भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "नारळी पौर्णिमेच्या आधी उरकायला सांग. डावा हात वर करायचा नाही म्हणतील, गेल्या वेळी म्हणाले होते. भात मी करीन. नारळ तू खवायचास."