सुभेदारांची शाळा

तरुणांना सैनिकी शिक्षण सक्तीचे केले म्हणजे पिढी वळणावर येईल, असे हल्ली व्यासपीठावर जो चढतो तो सांगतो, आणि दाखला हवा झाला की मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावच्या सुभेदार रामजी मालोजी सकपाळांचे नाव पुढे करतो. बाप पलटणीतला, घरात कडक शिस्त, म्हणून चौदावे अपत्य, बाबासाहेब, पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, असा हा सरळ हिशेब आहे.

रामजी इंग्रजांचे चाकर होते, असे म्हणून त्यांना निकालात काढणाऱ्यांशी वाद घालण्यात हशील नाही. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांनी कोणाची भाकर खाल्ली हे विचारण्याचा अधिकार गावाला नसतो. इंग्रजांच्या औदार्याचे गोडवे गाणाऱ्यांना 1892 च्या सुमाराची महारांवरील भरतीबंदी हे उत्तर पुरेसे आहे. शिस्तवाद्यांचे मत मात्र एवढ्यावर सोडता येत नाही, कारण ते अर्धे खरे आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास सावित्री नदीच्या मुखावरचे बाणकोट कंपनीकडे गेले आणि त्यानंतर या मुलखातली महार मंडळी पलटणीत शिरू लागली. रामजींचे वडील मालोजी लष्करात होते, पत्नी भीमाबाईंचे माहेर जे मुरबाडकर तेही सुभेदारांचेच घराणे. हजेरी, कवाईत आणि सलाम या सर्वांच्या अंगवळणी पडलेले होते, आणि पेन्शन घेऊन दापोलीच्या कॅम्पात विसावलेल्या कितीतरी हवालदार-जमादारांच्याही. शिस्तीनेच माणूस घडत असता, तर त्या वस्तीतल्या घराघरातून प्रज्ञावंत निघायला हवे होते. रामजींचे वेगळेपण त्यांच्या हुद्द्यात नसून कामात होते: पुण्याच्या अध्यापनशाळेत तयार होऊन ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले होते. त्या काळच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांनाच नव्हे, मुलींनाही शिकणे सक्तीचे होते, ही गोष्ट स्वतः बाबासाहेबांनी नमूद करून ठेवलेली आहे. कवाईत आणि शाळा या दोन सक्तींतला भेद आमच्या वक्त्यांच्या ध्यानी येत नाही. पहिलीत सरकार शिपायाकडून घेते. दुसरीत त्याच्या पोरासाठी मास्तर नेमून द्यावा लागतो आणि त्या मास्तराचा पगार सरकारी खजिन्यातून भरावा लागतो.

रामजींनी निवृत्तीनंतर घरी आणली ती ही दुसरी. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके, तर्खडकरांची भाषांतरमाला, सांजवेळी कबीराचे दोहे. आणि परळच्या चाळीतील एका खोलीत मुलाला लवकर निजवून पहाटे दोनला अभ्यासाला उठवणे. शिस्तवादी येथे माझे बोट धरतील, आणि उठवण्यात शिस्त होती हे मला मान्यच आहे. पण पुस्तकासाठी पैसा नसला म्हणजे लग्न झालेल्या मुलीकडे जायचे, तिचा दागिना मागून घ्यायचा, तो सावकाराकडे गहाण टाकायचा आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत द्यायचा, हा पाठ कोणत्या परेडच्या मैदानावर दिला जातो?

शिस्तीच्या बाजारभावाची परीक्षा 1901 साली मसूरच्या स्टेशनावर झाली. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावी दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला निघालेली मुले नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून नीटनेटकी उतरली. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि चेहरा फिरवला. गाडीवाला मिळाला तो दुप्पट भाडे घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर. सुभेदाराच्या पोरांच्या टापटिपीत त्या दिवशी काहीही उणे नव्हते.

म्हणून भरतीबंदीने महारांच्या नोकऱ्या गेल्या, एवढे सांगून इतिहासकार थांबतात तेव्हा मला चुकचुकल्यासारखे होते. दापोलीच्या अनार्य दोष परिहारक मंडळीचे गोपाळबाबा वलंगकर, तेही निवृत्त शिपाई, यांनी 1894 च्या विनंतीपत्रात भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी केली, ती रास्तच होती. परंतु नोकरीबरोबर छावणीतली शाळाही बंद झाली, आणि माझ्या मते मोठी हानी तीच. महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात उभी राहिली, तेव्हा बंदूक परत आली. शाळेचा बंदोबस्त मात्र रामजींच्या मुलाने फौजेवर सोपवला नाही. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले.