सुरक्षित ऑटोमेशन आणि न केलेली निवड

लिंक्डइनवर निमंत्रणं आपोआप पाठवणारं ऑटोमेशन वापरूनही खातं सुरक्षित कसं ठेवावं, याचे सल्ले विक्रीच्या क्षेत्रातली तरुण मंडळी सध्या एकमेकांना देत असतात. नव्या खात्यावरून एकदम निमंत्रणांचा मारा करू नका. रोज पाच-दहापासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. दोन निमंत्रणांमधलं अंतर कमीजास्त ठेवा. रात्री दोनला टूल चालू ठेवू नका. मजकुरातले शब्द आलटूनपालटून वापरा. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकेतली गिऱ्हाइकं शोधणाऱ्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांची यामागची निकड मला कळते. खातं रिस्ट्रिक्ट झालं की वर्षानुवर्षांच्या ओळखी एका दिवसात हाताबाहेर जातात, आणि पुढची नोकरीही पुष्कळदा त्याच ओळखींतून मिळायची असते. तरीही पकडलं जाऊ नये म्हणून काय करावं, याच्यापुढे ही चर्चा जातच नाही.

अनोळखी माणसांना घाऊक संदेश पाठवण्याचा मोह नवा नाही. 1978 साली अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्यानं अर्पानेट या सुरुवातीच्या संगणक-जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरात पाठवली, तेव्हापासून तो दिसतो. खुद्द लिंक्डइनही यातून सुटलेलं नाही. सदस्यांच्या नावानं त्यांच्या परिचितांना निमंत्रणाच्या आठवणीचे ईमेल वारंवार पाठवल्याबद्दल झालेला दावा या कंपनीनं 2015 मध्ये 1 कोटी 30 लाख डॉलर देऊन मिटवला. म्हणून कंपनीच्या अटी मोडायला हरकत नाही, असं काहीजण म्हणतात. पण निमंत्रण कंपनीला जात नाही, माणसाला जातं. तेव्हा हा युक्तिवाद इथेच सोडून देतो. ऑटोमेशन म्हणजे सरसकट पाप, हे दुसरं टोकही कामाचं नाही.

खरा वाद आहे तो या मताशी, की यंत्र माणसासारखं सावकाश वागलं की ते सुरक्षित होतं, आणि सुरक्षित झालं की निरुपद्रवीही होतं. या मताचा पहिला भागच कच्चा आहे. लिंक्डइनच्या करारात बॉट आणि कामं आपोआप करणारी ब्राउझर एक्स्टेन्शनं यांना मनाई आहे. ती वेगाला नाही, यंत्राला आहे. सावकाश चालणारं टूल उशिरा सापडेल, पण म्हणून ते नियमात बसत नाही.

मग कोणी लिंक्डइनवरची माहिती गोळा करणाऱ्या हायक्यू लॅब्ज या कंपनीचा खटला पुढे करतो. सार्वजनिक प्रोफाइलमधली माहिती गोळा करणं हा बहुधा संगणक-घुसखोरीचा गुन्हा ठरत नाही, असं अमेरिकेच्या अपील न्यायालयानं 2019 मध्ये आणि पुन्हा एप्रिल 2022 मध्ये म्हटलं, हे खरं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जिल्हा न्यायालयानं हायक्यूनं लिंक्डइनचा करार मोडल्याचं ठरवलं, आणि डिसेंबरमध्ये पाच लाख डॉलरच्या निवाड्यानं प्रकरण संपलं. अर्धा खटला सांगून दुसऱ्याला धीर देऊ नये.

शिवाय क्लाउडवरून चालणाऱ्या अनेक टूलना तुमच्या चालू लॉग-इनची कुकी द्यावी लागते. ती ज्याच्या हाती असते त्याला पासवर्ड लागत नाही की मोबाइलवर येणारा कोड लागत नाही. तुमचे जुने खासगी संदेशही त्याच्यासमोर उघडे असतात. सुरक्षिततेच्या नावाखाली एका परक्या कंपनीला एवढा शिरकाव द्यायचा, हे मला अजिबात पटत नाही.

पण यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. 2021 पासून बहुतेक खात्यांना आठवड्याला साधारण शंभर निमंत्रणांचीच मर्यादा जाणवते. सुरक्षित म्हणून सांगितला जाणारा आकडाही त्याच्या आतबाहेरच असतो. म्हणजे कामाच्या दिवसाला वीस. वीस निमंत्रणं हातानं पाठवायला किती वेळ लागतो? बटणं दाबण्यापुरता, काही मिनिटांचा. मग टूल वेळ वाचवतं तो कशातला? समोरच्याचं प्रोफाइल उघडून वाचण्यातला, हा काय काम करतो हे समजून घेण्यातला, याला आपण का लिहितो आहोत हे ठरवण्यातला. पाठवण्याचे कष्ट मुळात फारसे नव्हतेच. टूल आपल्याला सुटका देतं ती निवडण्यापासून.

पाठवणं आणि निवडणं हा फरक मला निर्णायक वाटतो. कोणाला काय कळवायचं राहिलं याची यंत्रानं खुशाल आठवण करून द्यावी, नोंदवही ठेवावी, तुम्ही लिहिलेली पोस्ट ठरल्या वेळी प्रसिद्ध करावी. लिंक्डइनच्या स्वतःच्या सोयींतही यातलं काही आहे. पण ‘तुमचं काम पाहिलं, आवडलं’ हे वाक्य यंत्रानं पाठवलं की ते खोटं होतं, कारण कोणी काही पाहिलेलं नसतं. मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेनं कितीही सफाईनं लिहिला तरी यात फरक पडत नाही. समोरच्यानं उलट विचारलं, ‘माझं नेमकं कोणतं काम पाहिलंत?’ तर पाठवणाऱ्याला उत्तर देता आलं पाहिजे. माझी कसोटी एवढीच आहे.

नोकरी गेलेल्या मुलाला महिन्याभरात शेकडो लोकांपर्यंत पोचायचं असतं, त्याला ही कसोटी जड वाटेल, हे मी नाकारत नाही. तरी त्यालाही मी हेच सांगेन, आणि केवळ नीतीसाठी नाही. निमंत्रणं अनुत्तरित पडून राहिली, लोकांनी दुर्लक्ष केलं किंवा ‘मी यांना ओळखत नाही’ असं कळवलं, की लिंक्डइन निमंत्रणांवर बंदी घालतं. न निवडता पाठवलेल्या निमंत्रणांचं नेमकं हेच होतं. दोन निमंत्रणांमधलं अंतर कितीही कमीजास्त केलं तरी त्यावर उपाय होत नाही.

ज्यांनी अशी टूल लावली आहेत त्यांनी एक्स्टेन्शन काढून टाकावं, पासवर्ड बदलावा, सेटिंगमध्ये जाऊन चालू असलेली सगळी लॉग-इन बंद करावीत आणि पडून राहिलेली निमंत्रणं मागे घ्यावीत. त्यातल्या ज्यांच्याशी खरोखर बोलायचं आहे, त्यांची प्रोफाइल एकेक करून वाचावीत.